सुगंधाच्या नावाचा रिफंड

“मॅडम, बहिनीची सही मीच मारली तर चालंल ना?”

बाळारामशेठनी हे इतक्या सहज विचारलं, की मला क्षणभर वाटलं, ते पेन उसनं मागतायत.

“नाही चालणार,” मी म्हटलं.

“अवो, ती काय बोलनार न्हाय. आमची सुगंधा गाय हाय.”

“गाय असो नाहीतर वाघीण. सही तिचीच लागेल. इथे बसून, माझ्यासमोर.”

ही गोष्ट २००७ सालची. मी भिवंडीतल्या नारपोलीत कर सल्लागार आहे. तेव्हा माझं ऑफिस एका लूमच्या कारखान्याच्या माळ्यावर होतं. खाली लूम सुरू झाले की वर टेबल थरथरायचं आणि क्लायंटशी ओरडून बोलावं लागायचं. लोक आपल्या उत्पन्नाची गुपितं माझ्याकडे घसा ताणून सांगायचे, कारण खाली कुणाला काही ऐकू जाणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

बाळारामशेठ कोन गावचे. वडिलांनी हयात असताना शेतावर एक गोडाऊन बांधलं होतं, ते मुंबईच्या एका कंपनीने भाड्याने घेतलेलं. वडील गेले आणि भाड्याचा चेक थोरला, खरं तर एकुलता एक मुलगा म्हणून बाळारामशेठच्या नावे निघू लागला. कंपनी त्यातून दरमहा काही रक्कम कापून घ्यायची. शेठना वाटायचं, ही कंपनीची दलाली असणार. त्यांच्या मेव्हण्याने सांगितलं म्हणून ते माझ्याकडे आले. मी कागद पाहिले आणि खुर्चीत सरळ होऊन बसले.

ती दलाली नव्हती, टीडीएस होता. म्हणजे भाडं देणारा त्यातून कर आधीच कापतो आणि सरकारात तुमच्या नावे भरतो. वर्ष संपल्यावर तुम्ही रिटर्न भरता, खऱ्या कराचा हिशेब होतो आणि जास्त कापलं गेलं असेल तर सरकार ते परत देतं. यालाच रिफंड म्हणतात. पण रिटर्नच भरलं नाही तर तो कुणी घरपोच आणून देत नाही. शेठनी दोन वर्षं रिटर्न भरलं नव्हतं. दोन्ही वर्षांची मुदत अजून शिल्लक होती.

आता खरी गंमत पुढे. सातबाऱ्यावर तीन नावं होती. शेठची आई, शेठ आणि खारबावला दिलेली त्यांची धाकटी बहीण सुगंधा. भाडं कुणाच्या खिशात गेलं हे आयकराचा कायदा बघत नाही, जागा कुणाची ते बघतो. तिघांची जागा तर तिघांचं उत्पन्न. सगळं भाडं एकट्या शेठच्या नावे दाखवलं तर कर दणकून बसत होता आणि रिफंड अगदी किरकोळ येत होता. तेच तीन ठिकाणी विभागलं की शेठना थोडासा कर, आईला आणि सुगंधाला शून्य. त्या काळी बायकांना करात जास्त सूट होती, म्हाताऱ्या माणसांना त्याहून जास्त. कापलेली जवळजवळ सगळी रक्कम परत येत होती. सुगंधाच्या एकटीच्या वाट्याचे पन्नास हजारांच्या वर होते.

एवढं ऐकून शेठचा चेहरा उजळला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. आदल्या रात्री बँड, मांडव, मटणाचं जेवण आणि अख्खा गाव. कुणाच्या हळदीला किती पान उठलं, यावर पुढची दोन वर्षं चर्चा चालते. शेठनी मनातल्या मनात सगळा रिफंड तिथल्या तिथे हळदीला लावून टाकला, आणि मग तो सहीचा प्रश्न विचारला.

दोन दिवसांनी सुगंधा आली. पस्तिशीची, काटक, तांदळाच्या भाकऱ्या थापून थापून हाताची बोटं चपटी झालेली. आल्या आल्या तिने पिशवीतून सुकटीची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. रिकाम्या हाताने यायचं नाही, एवढंच. मागून शेठ आले आणि खुर्ची ओढून बसले.

“हे काय हाय ते तरी सांगा. दादा बोलला सही कर, मी आले,” ती म्हणाली.

मी सांगितलं. “गोडाऊनचा तिसरा हिस्सा तुमचा आहे. त्याचं भाडं तुमचं उत्पन्न आहे. त्यातून कापलेला कर मला परत द्या, असं तुम्ही सरकारला सांगताय.”

“तिसरा हिस्सा!” ती हसली. “नाव हाय ते मना म्हाईत हाय. पन बहिनींची नावं सातबाऱ्यावर असतात ती सोडायलाच ना! साडी नेसवतात, सही घेतात.”

हे ती मुळीच कडवटपणे बोलली नाही. तिच्या आत्यांनी तसंच केलं होतं, मावश्यांनीही. याला हक्कसोड म्हणतात. जमिनीला भाताशिवाय किंमत नव्हती तेव्हा ती एका साडीत व्हायची. कल्याण रोडला गोडाऊन उभी राहिली, गुंठ्याचे भाव आकाशाला भिडले, तरी साडी एकच राहिली.

“त्येच तर,” शेठ म्हणाले. “रिफंड आला का हक्कसोड पन करून टाकू, एकाच फेरीत. साडी घेऊनच ठेवलीय.”

मला राग आला. असा आला की खालच्या लूमचा आवाज ऐकू येईना. पण रागावून या माणसाला काही पटणार नव्हतं. त्याला समजणारी भाषा माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी कॅल्क्युलेटर काढला.

“शेठ, करा हक्कसोड. पण मग तिच्या वाट्याचं भाडं तुमच्या डोक्यावर येणार. त्यावर तुम्हाला वरच्या दराने कर आणि तिचा रिफंड बंद. दरवर्षी.”

“दरवर्षी?”

“गोडाऊन आहे तोवर.”

मी आकडा काढून कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग छताकडे पाहिलं. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे मंग हक्कसोड. घाई काय हाय?”

बहीण-भावाच्या प्रेमावर मी तासभर बोलले असते तरी हे झालं नसतं. सुगंधा मात्र माझ्याकडे बघत होती.

“चेक कोनाच्या नावानं येल?” तिने विचारलं.

“तुमच्या.”

“माझ्याच?”

“तुमच्याच. दुसऱ्या कुणाच्या खात्यात तो जमाच होणार नाही. आधी बँकेत स्वतःचं खातं उघडा. एकटीचं.”

तिने सही केली. एकेक अक्षर ठसठशीत, सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीचं. त्याच आठवड्यात तिने खातं उघडलं.

पॅन कार्डं काढली, तिघांची रिटर्न भरली. काही महिन्यांनी आयकर कार्यालयातून बोलावणं आलं. टीडीएसचं सर्टिफिकेट एकट्या बाळारामशेठच्या नावे आणि रिफंड मागतायत तिघं, तर अधिकाऱ्याने विचारणं रास्तच होतं. सातबारा आणि वारसनोंदीचे कागद मी देऊ शकत होते. पण त्यांना सुगंधाला प्रत्यक्ष भेटायचं होतं. नुसतं नाव वापरून कर वाचवणारे लोक त्यांनी खूप पाहिले असणार.

शेठच्या जीपमधून आम्ही कल्याणला गेलो. शेठ गाडी लावायला गेले, आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तेव्हा सुगंधा पहिल्यांदा मोकळी बोलली. तिचा नवरा खाडीत रेतीच्या बोटीवर होता, तो धंदा बसला. आता मिळेल ते काम करतो. ही लग्नांतून रोजावर स्वयंपाकाला जाते.

“हाताला चव हाय मॅडम, सगले बोलतात. पन जेवान मी करायचं आनि पैसे भटाऱ्यानं घ्यायचे. मना नुसता रोज. का, तर टोप त्याचे, शेगड्या त्याच्या. टोप माझे असते ना, तर ऑर्डर मीच घेतली असती.”

“किती टोप लागतात?”

तिने लगेच सांगायला सुरुवात केली. भाताचे वेगळे, मटणाचे वेगळे, झाकणं, कढया, झारे, गॅसच्या मोठ्या शेगड्या. तिने कधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. फक्त पैसे नव्हते. तेवढ्यात शेठ आले आणि आम्हा तिघांना आत बोलावलं.

अधिकारी मध्यमवयीन, मराठीच होते. कागद उलटले, तिच्याकडे पाहिलं. “या जागेत तुमचा हिस्सा आहे?”

“बापाची पोरगी हाय साहेब. मंग हाय ना.”

ते किंचित हसले. “आणि भाडं तुम्हाला मिळतं?”

कायद्याने भाडं हातात आलं नाही तरी कर मालकालाच लागतो. त्यामुळे खरं उत्तर दिलं तरी आमची केस पडत नव्हती. पण हे मी तिला आधी समजावलं नव्हतं. आणि मी जीपमध्ये चढायच्या आधी शेठनी तिला काय पढवलं असेल कोण जाणे.

“न्हाय साहेब,” सुगंधा म्हणाली. “भाडं दादा घेतो. मना अजून काय आलं न्हाय.”

अधिकाऱ्यांनी मान वळवून शेठकडे पाहिलं.

“का हो?”

शेठ हळदीच्या मांडवात पाचशे माणसांसमोर न अडखळता बोलणारे. इथे त्यांना घाम फुटला. “देनार हाय साहेब. देनारच हाय. आता ते... हिशेब चालू हाय.”

“द्या मग. सरकारला तुम्ही लिहून दिलंय की ती मालकीण आहे. पुढच्या वेळी मी हाच प्रश्न विचारीन.”

त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला, तिची सही घेतली आणि आम्हाला सोडलं. बाहेर आल्यावर शेठ माझ्यावर उखडले. “तिला शिकवून आनायला काय झालं होतं तुमाला?”

“शिकवलं असतं तर ती अडकली असती, शेठ. खरं बोलली म्हणून सुटलो.”

परत येताना मी जीपच्या खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं.

रिफंडचे चेक पोस्टाने आले ते कोनच्या घरी, कारण पॅनच्या अर्जात शेठनी तिघांचा पत्ता तोच लिहायला लावला होता. आईने आपला चेक नातीच्या हळदीला देऊन टाकला, हसतहसत. शेठनी स्वतःचा भरला. सुगंधाचा चेक घेऊन ते बँकेत गेले, आपल्या खात्यात टाकायला. तिथल्या बाईंनी तो काचेखालून परत सरकवला. दुसऱ्या बँकेत गेले, तिथेही तेच. मग माझ्याकडे आले.

मला चेक आल्याचं शेठच्या आईने आदल्या दिवशीच फोन करून कळवलं होतं. “तिच्या बापाचं हाय ते, तिला बोलवा,” एवढं बोलून म्हातारीने फोन ठेवला होता. मी सुगंधाला बोलावलं होतं. हे शेठना सांगायची मला काही गरज वाटली नाही.

शेठ आले तेव्हा खाली सगळे लूम सुरू होते. नेहमीप्रमाणे ते ओरडून बोलू लागले. बँकवाल्यांना नावं ठेवून झाली, मग मूळ मुद्द्यावर आले. तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षांत भिवंडीत लाइट दिवसातून कितीदा जायची याला काही हिशेबच नव्हता. एका क्षणात सगळे लूम थांबले. पण घसा ताणून बोलणारा माणूस एकदम कसा थांबणार?

“बहिनीचा चेक माझ्या खात्यात कसा घुसवायचा, तेवढंच सांगा!”

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. खालचे कारागीर माना वर करून जिन्याकडे बघू लागले. त्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी तिथूनच हाक दिली, “शेठ, बहन का पैसा है, बहन को दे दो ना!”

कुणीतरी हसलं. आणि जिन्यावर सुगंधा उभी होती.

ती वर आली. शेठनी चेक टेबलावर ठेवला, जरा आपटूनच. “घे बाय. तुझाच हाय. पन हळद कोनाची हाय? तुझ्या भाचीची ना? घरातलेच पैसे घरात. तूच सांग काय करायचं.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी चांगल्या मनाने टाकलं नव्हतं. ते तिला अडकवायला टाकलं होतं. आमच्याकडे आत्याने भाचीच्या हळदीला नाही म्हणायचं, म्हणजे माहेर तुटलं.

मी मध्ये पडले. “एफडी करा,” मी म्हटलं. माझ्या धंद्यात सगळ्या रोगांवर तेच औषध देतात. “पाच वर्षं हात लावू नका.”

सुगंधाने आमच्या दोघांकडे पाहिलं. मला माझंच बोलणं फिकं वाटलं.

“भटाऱ्याला पैसे दिले का रे दादा?”

“न्हाय अजून. पुढच्या आठवड्यात देनार.”

“देऊ नको. हळदीचं जेवान मी करते.”

“तू? हजाराच्या वर पान हाय!”

“करते. या पैशात टोप घेते, शेगड्या घेते. सगला सामान माझा. तू भटाऱ्याला जे देनार होतास, ते मना द्यायचं. मटन, तांदूल तुझा.”

शेठना कळेना की बहीण हळदीला पैसे देतेय की घेतेय. त्यांनी मनात उलटसुलट हिशेब केला. “भटाऱ्यापेक्षा कमी घेशील ना?”

“अजाबात न्हाय,” सुगंधा म्हणाली. “त्याच्यापेक्षा चांगलं करीन. मंग कमी कशाला घेऊ?”

माझ्या तोंडून “वा!” निघून गेलं. लाइट नव्हती, त्यामुळे तेही खाली ऐकू गेलं.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. हजार माणसांत एक भात कच्चा राहिला तर सुगंधाचे पैसे आणि नाव दोन्ही जाणार होतं. आणि शेठ ते जन्मभर ऐकवणार होते. एफडीमध्ये निदान भात करपत नाही.

हळदीच्या संध्याकाळी मी कोनला गेले. मांडव दिव्यांनी लखलखत होता, बँडवाले वाद्यं जुळवत होते. मी थेट मागे गेले. नवे कोरे टोप ओळीने चुलाण्यांवर आणि शेगड्यांवर चढले होते, अजून त्यांची चकाकीसुद्धा गेली नव्हती. खारबावच्या तिच्या सोबतिणी पाट मांडून भाकऱ्या थापत होत्या. सुगंधाचा नवरा मोठ्या पळ्याने रस्सा ढवळत होता आणि ती त्याला मीठ किती ते सांगत होती. माझ्याकडे बघायलाही तिला सवड नव्हती.

पंगत बसली. पहिली उठली, दुसरी बसली. लोक भाकरी मागून घेत होते. माझ्या शेजारचे एक वजनदार गृहस्थ बोटं चाटत म्हणाले, “भटारी कुठचा आनला रं बाळाराम? नंबर दे त्याचा.”

मी घास हातात धरून वाट बघत राहिले.

“भटारी न्हाय,” शेठ म्हणाले, आणि छाती अशी फुगली की जणू सगळं त्यांनीच सुचवलं होतं. “नवरीची आत्या. माझी बहीन. टोप पन तिचे सोताचे.”

त्या रात्रीच सुगंधाला पुढच्या तीन ऑर्डरी मिळाल्या. आत्या म्हणून मानाची साडीही मिळाली, ती तिने भरल्या डोळ्यांनी नेसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरत असताना भावाकडून ठरलेले पैसे पूर्ण मोजून घेतले. शेठनी थोडे कमी करायला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मान वेगला, धंदा वेगला.” मला हे शेठच्या आईने सांगितलं, आणि सांगताना म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्या वर्षापासून मी कंपनीला पत्र पाठवून तीन मालकांचे तीन वेगळे चेक काढायला लावले. शेठनी फार कुरकुर केली नाही. कल्याणचे साहेब पुन्हा विचारणार, ही धास्ती त्यांना होतीच. शिवाय बहिणीचं नाव खारबावपासून कोनपर्यंत झालं होतं आणि त्यात त्यांनाही थोडं मिरवायला मिळत होतं. हक्कसोडीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

लोक मला दरवर्षी विचारतात, मॅडम, रिफंड आलाय, खर्च करू की साठवू? त्याला ठराविक उत्तर नाही, हे मी सुगंधाकडून शिकले. मी आता आधी एवढंच बघते की चेकवर नाव कुणाचं आहे. मग त्या माणसाला एकट्याला बसवून विचारते. बरोबर आलेल्यांना मी खाली चहा प्यायला पाठवते.

दोनेक वर्षांत सुगंधाचं उत्पन्न इतकं वाढलं की रिफंड यायचा बंद झाला. उलट तिलाच कर भरायची वेळ आली. मार्च महिन्यात चलनावर सही करताना ती माझ्यावर डाफरली, “पयले सरकार मना पैसे द्यायचा, आता मीच त्याला देते. तुमी काय काम करता मंग?”

“हेच,” मी म्हटलं, आणि त्या वर्षीपासून फी वाढवून घेतली.